प्रतिसाद: लिथियम घेणारी साक्षीदार
बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) असलेल्या नायिकेबद्दल 'सकाळी हसरी, रात्री खुनी, एवढी मोकळीक रहस्यकथेत हवीच' हे वरचं म्हणणं पटलं नाही. मेनिया (या आजारातला अति उत्साहाचा किंवा चिडचिडीचा टप्पा) म्हणायला लक्षणं साधारण 7 दिवस तरी टिकावी लागतात. तासातासाला पलटणारी नायिका हा निव्वळ लेखकाचा आळस. (आणि दरवेळी खुनी रुग्णच का, हा वेगळाच वैताग.)

खरा मसाला औषधात आहे. माझी मावशी लिथियम घेते, या आजारात मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध. त्याची पातळी तपासायला रक्त द्यायला जाते ती रात्रीच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी पर्समध्येच ठेवून. गुडघा दुखला तरी मनाने आयबुप्रोफेन घ्यायची सोय नाही. त्याने रक्तातलं लिथियम वाढू शकतं, मग हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो. बघणाऱ्याला वाटतं, बाई पिऊन आलीय. अशा साक्षीदाराची जबानी पोलीस कशी घेतील, यावर लिहा की कुणीतरी!