सगळ्यात आवडता सिनेमा: नुसतं नाव नको, कसा बघायचा तेही लिहा

अर्धीखिडकी
आवडत्या सिनेमांच्या याद्या सगळ्यांच्या करून झाल्यात, आणि दहापैकी सात नावं तीच असतात. पण परवा 'संत तुकाराम'चा एक तुकडा फोनवर फिरत आला. चित्र आडवं ताणलेलं, तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा परातीएवढा, शेवटच्या गरुडाचं पार बदक झालेलं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आवडता सिनेमा सांगा आणि तो बघताना काय सांभाळायचं ते सांगा: कुठली प्रत, लांबी किती, चौकट कशी, आवाज कसा. गोष्ट नको, ती सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात यानेच. संत तुकाराम, १९३६, प्रभात, दामले-फत्तेलाल. चौकट (रुंदी:उंची) जवळपास ४:३. हल्लीच्या १६:९ टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत, चित्र पाऊण रुंदीच व्यापतं. पट्टे नसतील तर चित्र ताणलंय, नाहीतर वरखाली कापलंय. कापलं की पाव उंची गेली, म्हणजे पागोटं तरी जातं नाहीतर चिपळ्या. रिमोटवर 'पिक्चर साइज'मध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा, 'वाइड झूम' नको. प्रतीतच ताणलेलं असेल तर कॉम्प्युटरवर व्हीएलसीत (सिनेमे चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) 'ए'ची कळ ४:३ येईपर्यंत दाबत राहा.
आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, 'सराउंड' वगैरे बंद ठेवा. त्या काळच्या ध्वनिपट्टीत ८००० हर्ट्झच्या वर गाणं जवळजवळ नसतंच, असते ती खरखर. ट्रेबल दोन-तीन घरं खाली आणलं तर अभंगाचं काही बिघडत नाही.

मागचीरांग
त्याआधी टीव्हीचा 'गुळगुळीतपणा' बंद करा!! सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ सुट्या चित्रांचा. टीव्ही मधल्या मधे स्वतःच्या मनाच्या चौकटी घुसवतो आणि कुठलाही सिनेमा मालिकेच्या सेटवर काढल्यासारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी (जुन्यांत ऑटो मोशन प्लस). 'फिल्ममेकर मोड' असला तर एका बटणात काम झालं. नसला तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही', आणि रंगछटा 'वॉर्म'. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल, डोळा बसू द्या. शार्पनेस शून्यावर. फक्त सोनीवर ५० म्हणजे तटस्थ, तिथे शून्य केलंत तर चित्र पुसट होईल.

टंगळमंगळ
तटस्थ टीव्ही! कुठेतरी आहे म्हणायचा 😀

चौकोनीडोळा
१२ अँग्री मेन. १९५७, ९६ मिनिटं, कृष्णधवल.
एकाच खोलीत बारा माणसं, तरी कंटाळा येत नाही याचं अर्धं श्रेय भिंगांना. दिग्दर्शक ल्युमेटने पहिल्या तिसऱ्या हिश्शात कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या वर ठेवलाय आणि भिंग रुंद. मधल्या हिश्शात डोळ्यांच्या रेषेत. शेवटच्या हिश्शात रेषेखाली आणि भिंग लांब पल्ल्याचं. त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन चिकटते, छत दिसायला लागतं आणि खोली आवळत गेल्यासारखी वाटते. शेवटी सगळे बाहेर पडतात तिथे परत रुंद भिंग, तेव्हा आपल्यालाही श्वास सापडतो.
म्हणून हा झूम करून बघू नका, छतच कापलं जातं. तुकड्या-तुकड्यांतही नको. आज अर्धा उद्या अर्धा केलात तर हे आवळणं जाणवत नाही.

कातरवेळ
याचाच हिंदी आहे ना? पंकज कपूरवाला

चौकोनीडोळा
हो, एक रुका हुआ फैसला, १९८६, बासु चॅटर्जी. आधी हिंदी बघितला तरी चालेल, भिंगाच्या गमतीसाठी मात्र ५७चाच.

रीळउलगडा
मुघल-ए-आझम. १९६०चाच बघा, २००४मध्ये रंगवलेला नको. मूळ सिनेमा बहुतेक सगळा कृष्णधवल आणि शीशमहालातलं गाणं रंगीत. इतका वेळ काळं-पांढरं आणि एकदम सगळ्या आरशांतून रंग. आधीपासूनच सगळं रंगवून ठेवलं तर तो धक्का मिळणार कुठून? शिवाय रंगीत प्रत कापलेली आहे. हातातली कुठली हे लांबीवरून ओळखा: मूळ १९७ मिनिटं, रंगीत साधारण १७७.

सूक्ष्मछिद्र
@रीळउलगडा, लांबीवरून ओळखण्यात एक खोट आहे. डीव्हीडी पॅल पद्धतीची (सेकंदाला २५ चौकटींची टीव्ही पद्धत) असेल तर २४च्या जागी २५ चौकटी पळतात, म्हणजे सगळा सिनेमा ४ टक्के लवकर आटपतो. १९७ची १८९ झाली तर काही कापलेलं नसतं. १२० मिनिटांचा ११५त संपतो.
सूरही चढतो. षड्ज कोमल ऋषभाकडे निम्म्याहून जास्त वाट चालून जातो. बोलताना कळत नाही, पाठ असलेलं गाणं लागलं की कानाला टोचतं.

रीळउलगडा
बरोबर. म्हणून १८९ दिसलं तर घाबरू नका, १७७ दिसलं तर शंका घ्या.

टंगळमंगळ
आणि १७० दिसलं तर?

सूक्ष्मछिद्र
रंगीत प्रत, पॅलवर 😄

कातरवेळ
वाखुसा (वाचनखूण साठवली)

पायरीवरचा
शोले लिहायचं राहिलंच की कुणाचं?
१९७५मध्ये पडद्यावर आला त्यात शेवटी पोलीस येऊन ठाकूरला आवरतात. तो सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट. मूळ शेवटात ठाकूरच खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रत २०२५मध्ये आधी बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली, तिच्यात हा मूळ शेवट आहे. तेव्हा प्रत घेताना 'नवीन' एवढंच बघू नका, शेवट कुठला ते बघा.
अजून एक. पोस्टरवर ७० एमएम असलं तरी चित्रण ३५ एमएमवर झालं, मग ते मोठं करून ७०वर नेलं. त्यामुळे ७०ची चौकट २.२०:१. टीव्हीवर वरखाली मिळून उंचीचा साधारण पाचवा हिस्सा काळा राहतो. तो राहू द्या.

मागचीरांग
प्रतींचाच विषय निघाला तर ब्लेड रनर. १९८२च्या चित्रगृहातल्या प्रतीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट. १९९२च्या दिग्दर्शकाच्या प्रतीत दोन्ही गेले, एकशिंगी घोड्याचं स्वप्न आलं. २००७ची 'फायनल कट', पहिल्यांदा बघणाऱ्याने तीच घ्यावी. निवेदनवाली नंतर, कुतूहल म्हणून.
सेव्हन सामुराय २०७ मिनिटांचा बघा. परदेशात छाटलेल्या प्रती फिरल्यात. मधे मध्यंतराची पाटी येते, तिथेच उठा. आधी नाही.

उलटीमोजणी
राजा हरिश्चंद्र (१९१३). आवडता म्हणजे काय, देव्हाऱ्यातलाच म्हणा. आज जे तुकडे मिळतात त्यात माणसं लगालगा पळतात, त्याला फाळक्यांचा इलाज नाही. ३५ एमएमच्या एका फुटात १६ चौकटी. मूकपट हाताने कॅमेरा फिरवून सेकंदाला १६च्या आसपास घेत, म्हणजे सेकंदाला एक फूट. सिनेमा ३७०० फूट, म्हणजे तासाच्या थोडा वर. तोच २४च्या वेगाने चालवला की ४१ मिनिटं. पळणारच.
घरी उपाय: व्हीएलसीत वेग ०.६७ करा, १६ला येतो. फार रेंगाळला तर ०.७५ (म्हणजे १८) करून बघा. हाताने फिरवलेलं असल्यामुळे एकच वेग शेवटपर्यंत बसत नाही. डोळ्यांनी ठरवा, माणूस चालताना माणसासारखा दिसला की थांबा. मागे नंतर जोडलेलं संगीत असेल तर ते बंद करा, मंद होऊन भेसूर लागतं.

कातरवेळ
सबटायटल पुढेमागे होतात त्याचं काय? सुरुवातीला बरोबर असतात, मध्यंतरापर्यंत दोन-अडीच मिनिटांचा फरक

सूक्ष्मछिद्र
हा तोच २५-२४चा घोळ. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल तर व्हीएलसीत 'जी' आणि 'एच'च्या कळांनी सरकवा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. फरक वाढत जात असेल तर सरकवून उपयोग शून्य. फाइल २५ चौकटींच्या प्रतीवर बनवलीय आणि सिनेमा २३.९७६चा (म्हणजे जवळजवळ २४चाच) आहे. तासाला अडीच मिनिटं फरक पडतो, तुमचा आकडा जुळतोय. 'सबटायटल एडिट' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, 'चेंज फ्रेम रेट', २५वरून २३.९७६, सेव्ह.
मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. अक्षरं आली पण वेलांट्या सुट्या पडल्या तर फॉन्ट बदला.

पायरीवरचा
आणि संवाद पुटपुटल्यासारखे, मारामारी मात्र कानठळ्या बसवणारी, त्याला?

मागचीरांग
५.१चा, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत कोंबला जातोय. संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात, तेच दबतात. ऑडिओ मेनूत 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' निवडा. प्रतीत दोन ध्वनिपट्ट्या असतील तर २.० घ्या. साउंडबार असेल तर सेंटर २-३ डेसिबल वर. रात्री 'नाइट मोड'. जुन्या मोनो सिनेमांना ही व्याधी नाही, तिथे नंतर चढवलेला ५.१च टाळा.

रीळउलगडा
कॅसेटवर अडकलेले सिनेमे कुणी उतरवणार असेल तर: आधी कॅसेट शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे. चिकटलेले पदर सुटतात, ताण सारखा होतो. पांढरी बुरशी दिसली तर यंत्रात घालूच नका, हेडला लागून पुढच्या सगळ्या कॅसेटींवर जाते. उतरवल्यावर हलत्या चित्राच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, ते इंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींनी साठवलेलं चित्र. व्हीएलसीत 'डीइंटरलेस' चालू, प्रकार 'याडिफ २एक्स'. मूळ फाइल आहे तशीच जपून ठेवा.

अर्धीखिडकी
दंडवत सगळ्यांना. टीव्हीपासून बसायचं किती लांब, तेवढं राहिलं

सूक्ष्मछिद्र
पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट. ५५ इंचाला साधारण २.२ मीटर. त्याहून लांब बसलं तर वरखाली पट्टेवाले सिनेमे चिमुकले दिसतात.

टंगळमंगळ
मोजपट्टी सापडत नाहीये

उलटीमोजणी
ए४ कागद लांबीला लांबी लावून ठेवत जा. ५५ला साडेसात कागद.

टंगळमंगळ
४३ आहे

उलटीमोजणी
सहा.