आवाज बंद करून डिबेट पाहिली आणि मत ठरलं

खिडकीबाहेर
काल रात्रीची ट्रम्प-हॅरिस डिबेट (१० सप्टेंबर २०२४, फिलाडेल्फिया) मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज बंद करून पाहिली. मुद्दाम. नागरिकत्व मिळाल्यानंतर अध्यक्षपदासाठी हे माझं पहिलंच मतदान, आणि दोन्ही बाजूंचं ऐकून ऐकून कान किटले होते. म्हटलं, शब्द काढून टाकू, मागे माणूस किती उरतो ते बघू. ती स्वतः चालत त्याच्या पोडियमपाशी गेली, हात पुढे केला. नंतर तो बहुतेक वेळ समोर बघत बोलत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, मधूनच हनुवटीला हात लावून. कोण घाबरलंय, कोण नाटक करतंय, कोण खोटं बोलतंय, सगळं स्वच्छ दिसतं हो. माझं मत ठरलं. कुणाला ते सांगणार नाही, उगाच इथे रणकंदन नको. ज्यांचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

उंटावरची शहाणी
+१. १९६० ची निक्सन-केनेडी डिबेट आठवा. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असं वाटलं, टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी. चेहरा लपत नाही.

अडखळ
वाचनमात्र राहायचं ठरवलं होतं, पण 'कोण खोटं बोलतंय ते स्वच्छ दिसतं' हे वाक्य सकाळपासून डोक्यात ठणकतंय.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. 'प' आणि 'म' माझे जुने वैरी. शब्द अडकला की काय होतं ते सांगतो. नजर समोरच्यावरून हटते, डोळे मिटतात, जबडा एका बाजूला ओढला जातो, उजवा हात मांडीवर आपटतो. आवाज चालू असेल तर तुम्हाला कळतं की बिचारा अडखळतोय. आवाज बंद केलात तर दिसतो नजर चोरणारा, चुळबुळणारा लबाड माणूस.

चौदा वर्षांपूर्वी एका मुलाखतीत विचारलं, आधीची नोकरी का सोडली? उत्तर दोन शब्दांचं होतं: 'प्रकल्प संपला.' 'प्र'वर अडकलो. सात-आठ सेकंद गेले असतील. समोरच्या तिघांपैकी एकाने शेजारच्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं. नोकरी गेली. पुढे ओळखीतून कळलं, शेरा होता 'काहीतरी लपवतोय'. प्रकल्प खरंच संपला होता हो.

आता डिबेट. पहिलाच प्रश्न होता, लोक चार वर्षांपूर्वीपेक्षा सुस्थितीत आहेत का? हॅरिसबाईंनी मध्यमवर्गीय बालपणापासून सुरुवात केली, हो किंवा नाही शेवटपर्यंत आलंच नाही. ट्रम्पना आरोग्यविम्याची योजना विचारली, तर ते म्हणाले की योजनेच्या कल्पना आहेत. ही दोन उत्तरं आवाज बंद असताना कशी दिसली, तेवढं सांगा.

आणि शहाणीबाई, १९६० ची ती गोष्ट एका कंपनीच्या सर्व्हेवर उभी आहे. त्यात रेडिओवाले मूठभर होते. तोवर बहुतेक घरांत टीव्ही आलेला होता. जे रेडिओवर ऐकत होते ते आधीपासूनच निक्सनचे नव्हते कशावरून? निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने दवाखान्यात पडून नुकताच बाहेर आला होता, वजन घटलेलं, धड मेकअप करू दिला नाही. म्हणजे गुडघेदुखीला तुम्ही चारित्र्य म्हणताय!

कासव
मराठीत 'वादचर्चा' असा छान शब्द असताना सगळे 'डिबेट डिबेट' का करतायत?

तिसरी घंटा
कासव, तुमची सनई प्रत्येक लग्नात वाजायलाच हवी का?

मुद्द्याचं बोलतो. सहा वर्षं वादविवाद स्पर्धांचा परीक्षक होतो. अनुकूल की प्रतिकूल हे चिठ्ठी टाकून ठरायचं. सर्वांत पोटतिडकीने बोलणारी मुलगी बक्षीस घेऊन खाली आली आणि मला म्हणाली, 'सर, चिठ्ठी उलटी आली, खरं तर मला दुसरी बाजू पटते.' तेव्हापासून व्यासपीठावरच्या कळकळीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण अडखळ यांच्याबद्दल पूर्ण सहानुभूती ठेवून एक म्हणतो: दबावाखाली चार लोकांसमोर बोलता येणं हेच तर राष्ट्राध्यक्षाचं काम आहे. जमत नसेल तर दुसरं काम शोधावं.

अडखळ
सहानुभूती तुमच्याकडेच ठेवा, परीक्षक. पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडेल.

अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन भाषणाच्या नावाने कच्चा होता. काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, द्यायचा वार्षिक संदेश १८०१ पासून त्याने लेखी पाठवायला सुरुवात केली आणि १९१३ मध्ये विल्सनने मोडीपर्यंत ती प्रथा चालली. शंभराहून जास्त वर्षं राष्ट्राध्यक्ष तिथे जाऊन बोललेच नाहीत, देश चालला. 'दुसरं काम शोधावं' हे मला शाळेपासून ऐकवलं जातंय. साधारण तुमच्याच सुरात.

तिसरी घंटा
जेफरसनच्या काळी अणुबॉम्ब नव्हता, मध्यरात्री फोन करून कुणाला समजावायचं नव्हतं. आणि माझा सूर कसा आहे ते अक्षरांवरून कळलं का तुम्हाला? आता तुम्हीच चेहरा वाचताय.

एक विचारू? तुम्ही स्वतः डिबेट पाहिली का?

अडखळ
नाही. दुसऱ्या दिवशी लेखी प्रत वाचली.

तिसरी घंटा
वा! म्हणजे त्यांनी नुसते कान बंद केले, तुम्ही कान आणि डोळे दोन्ही.

अडखळ
हा लागला. मान्य. लेखी प्रतीत कोण किती वेळ गप्प राहिलं ते दिसत नाही, आणि गप्प राहण्याची किंमत माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार. पण तुमचं मूळ म्हणणं मान्य नाही, हेही लिहून ठेवा.

उंटावरची शहाणी
तो सर्व्हे कच्चा होता, ठीक आहे. पण २००३ मध्ये जेम्स ड्रकमन या संशोधकाने तीच १९६० ची चर्चा अशा विद्यार्थ्यांपुढे ठेवली, ज्यांना तिच्याबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. काहींना नुसता आवाज, काहींना चित्रासकट. चित्र पाहणारे केनेडीकडे जास्त झुकले. आता बोला.

अडखळ
बोलतो की. चित्राने मत बदलतं हे सिद्ध झालं. चित्र खरं असतं हे कुठे सिद्ध झालं? आभार, माझंच काम केलंत.

पुन्हा पुन्हा
निदान तुम्हाला आवाज बंद करायला डिबेट तरी मिळते! आमच्याकडे मे २०२४ मध्ये दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि एका ज्येष्ठ संपादकाने पंतप्रधान आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल हो म्हणाले. चर्चा झालीच नाही. आम्ही बसतो वृत्तवाहिन्यांवर आठ खिडक्यांत आठ तोंडं बघत. तिथे आवाज बंद करणं हा प्रयोग नसतो, औषध असतं.

मधला बाक
आपण खासदार निवडतो, पंतप्रधान नाही. संसदीय पद्धतीत असली कुस्ती कशाला?

पुन्हा पुन्हा
ब्रिटनमध्ये संसदीय पद्धतच आहे ना? २०१० पासून तिथे कशा होतात? आणि प्रचारात फलकावर खासदाराचा चेहरा किती इंचाचा असतो, जरा मोजून या.

मधला बाक
बरं बाबा, जिंकलास. पण ब्रिटनचं नाव काढलंस तर पुढचंही ऐक. २०१० च्या पहिल्या डिबेटनंतर तिसऱ्या पक्षाच्या निक क्लेगचा असा उदोउदो झाला की बास. निकालात त्याच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. अमेरिकेत २०१२ ची पहिली डिबेट रॉम्नीने मारली, अध्यक्ष ओबामाच झाला. २०१६ मध्ये तिन्ही डिबेटनंतरच्या चाचण्यांत क्लिंटन पुढे होत्या, पुढचं माहीतच आहे. ल पेनेक आणि पोन्स या दोघा संशोधकांनी ६२ निवडणुका आणि ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. डिबेटमुळे मतं फिरल्याचं काही सापडलं नाही. त्यामुळे खिडकीबाहेर यांचं मत डिबेटने ठरलं यावर माझा विश्वासच नाही. आधीच ठरलेलं होतं, शिक्का मारायला टीव्ही लावला.

आणि मूक डिबेटचा प्रयोग अख्ख्या देशावर आधीच होऊन गेलाय. १९७६, फोर्ड विरुद्ध कार्टर, योगायोगाने फिलाडेल्फियातच. मधेच आवाज गेला आणि २७ मिनिटं आलाच नाही. दोघे आपापल्या पोडियममागे उभे. एकमेकांशी एक शब्द नाही. जगातली दोन सर्वांत ताकदवान पदं मागणारी माणसं, बस चुकल्यासारखी. त्या २७ मिनिटांत कुणाला कुणाचं चारित्र्य दिसलं असेल तर नोबेल द्या.

उंटावरची शहाणी
पद एकच होतं. मागणारे दोन.

मधला बाक
घ्या, दुसरं कासव.

खिडकीबाहेर
दोन दिवस गप्प होतो. आता शिव्या खायच्याच आहेत तर पुरत्या खातो. प्रयोग वगैरे काही नव्हता. बाळ नुकतंच झोपलं होतं आणि आमच्या भिंती पातळ आहेत.

अडखळ
!!! मग खालची अक्षरं का नाही लावलीत?

खिडकीबाहेर
लावली होती. एक-दोन वाक्यं मागे पळत होती. त्याचे ओठ हलतायत तेव्हा खाली तिचं वाक्य, आणि ती बोलायला लागली की याचं. दहा मिनिटांत डोकं गरगरलं, बंद केली. मग नुसतेच चेहरे बघत बसलो आणि सकाळी त्याचं तत्त्वज्ञान करून इथे टाकलं.

तुमची मुलाखतीची गोष्ट वाचून राहवेना, म्हणून काल गाडी चालवताना निम्मी डिबेट नुसती ऐकली. ज्या उमेदवाराला मी 'खोटारडा' ठरवलं होतं, त्याची दोन उत्तरं ऐकायला बरी निघाली. वैताग आला. मधला बाक म्हणतात तसं मत आधीच ठरलेलं असेलही, पण ते मी त्यांना सांगणार नाही.

तिसरी घंटा
'खोटारडा', 'त्याची'! फुटलं पितळ! कळलं कुणाला मत नाही ते.

खिडकीबाहेर
अहो, उमेदवार हा शब्दच पुल्लिंगी आहे. दोघांनाही तेच लागतं.

कासव
बरोबर आहे. पुल्लिंगीच.

तिसरी घंटा
कासव, तुम्ही नेमके आत्ताच यायचं ठरवलंत?