मदत हवी आहे: खारींपासून टोमॅटो कसे वाचवू?

गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो, वांगी आणि काकडीचा वेल लावलाय. टोमॅटोला जरा लाली चढली की खार हजर! अख्खं फळ खातही नाही, एका बाजूने कुरतडून टाकून देते. काल सकाळी तीन टोमॅटो कठड्यावर पडले होते, सालीवर दातांच्या बारीक जोडरेघा. फार जीव हळहळला. मटारचं पेरलेलं बी तर उकरून काढलं, एकही रोप वर आलं नाही.

नायलॉनची जाळी लावून पाहिली, चार दिवसांत भोक. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, तिला कुरतडायला काहीतरी लागतंच. तिखटाचं पाणी फवारलं, ते पावसाने धुऊन गेलं. सध्या टोमॅटोने रंग धरला की लगेच तोडून घरात पिकवतेय, छान पिकतात. पण काकडीचं काय?

अर्धा इंची लोखंडी जाळीचा पिंजरा करावा म्हणतेय. कुणी केलाय का? त्यातून मधमाश्या काकडीच्या फुलांवर नीट येतात, की परागीभवन हाताने करावं लागतं? कुंडीच्या मातीवरही जाळी अंथरावी का?

विष किंवा चिकट सापळा कृपया सुचवू नका. तिला इजा करायची नाहीये.