गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी: आईला काय दाखवू, काय वाचायला देऊ, काय खाऊ घालू?

शेवगा_सांगली:
नमस्कार मंडळी. आईचं गुडघा बदलायचं ऑपरेशन मिरजेत झालं, परवा घरी आणलं. सगळं व्यवस्थित आहे. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. पण सहा आठवडे तरी जपून राहा म्हणालेत, आणि कंटाळ्यानं ती आत्ताच माझं डोकं खायला लागली आहे.

आई एकाहत्तर वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. जन्मभर लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, त्यामुळे कान तिखट आणि स्वभाव चौकस. मालिका तिला सहन होत नाहीत. "एक थोबाडीत मारायला तीन दिवस लावतात" असं तिचं म्हणणं. आवड एकच, रहस्य. खून कोणी केला ते शेवटपर्यंत कळता कामा नये, आणि कळलं की "अरे, हे तर मघाशीच दाखवलं होतं" असं वाटलं पाहिजे. ऐनवेळी जुळा भाऊ आणला की ती टीव्हीला शिव्या घालते.

सिनेमे मराठी किंवा हिंदीच सुचवा, खालच्या ओळी वाचत बसायला ती तयार नाही. पुस्तकं पडून वाचता येतील अशी हवीत. जाडजूड ठोकळा छातीवर धरला की हात भरून येतात, मग डुलकी लागते आणि पुस्तक नाकावर. गाणी सुचवलीत तरी चालतील. आणि स्वयंपाक सध्या माझ्याकडे आहे. मला वरण-भात, पोहे आणि ऑम्लेट येतं. ती अंडं खात नाही.

गंधक:
तुमच्या आईशी माझं जमेल. क्रमानं सांगतो.

'पाठलाग' (१९६४). राजा परांजप्यांचा. बायको गेलेली, क्रियाकर्म झालेलं, आणि हुबेहूब तिच्यासारखी बाई पुढे येऊन सांगते की मीच ती. काशिनाथ घाणेकर आणि भावना. यावरूनच हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. तो त्यांनी पाहिला असेल तर निम्मी गंमत गेली, म्हणून आधी आडून आडून विचारून घ्या.

'हा खेळ सावल्यांचा' (१९७६). लोक 'रात्रीस खेळ चाले' गाण्यामुळे हा नुसता भुताचा सिनेमा समजतात. बघा म्हणावं, मग बोलू. आशा काळे फार छान.

'बिनधास्त' (१९९९), चंद्रकांत कुलकर्णींचा. दोन मैत्रिणी, एक खून, आणि पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच. मराठीत इतका वेगवान रहस्यपट पुन्हा फारसा झाला नाही असं माझं मत आहे. वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.

हिंदीत 'कानून' (१९६०) आणि 'इत्तेफाक' (१९६९). दोन्ही बी. आर. चोप्रांच्या बॅनरचे, दोन्हींत एकही गाणं नाही. 'इत्तेफाक'मध्ये राजेश खन्ना आणि नंदा, बहुतेक गोष्ट एका रात्रीत आणि एका घरात. नंदाकडे नीट बघायला सांगा. एवढंच, जास्त बोलत नाही.

तांबडा_पांढरा:
'एक रुका हुआ फैसला' राहिला की. बासू चटर्जींचा. एक खोली, बारा माणसं, एक निकाल. इंग्रजीवरून घेतलेला आहे, पण माणसं आपल्यातली वाटतात. ट्रंक कॉल ऐकलेल्या बाईला बारा जणांची भांडणं आवडतीलच!

गंधक:
@तांबडा_पांढरा, अनुमोदन. त्यांचंच दूरदर्शनचं 'ब्योमकेश बक्षी'ही (१९९३) घ्या. रजित कपूर. नेपथ्य साधं, कॅमेरा गरीब, पण गोष्ट पक्की, आणि कुणी उगाच वळून वळून बघत नाही.

घोटा:
मी फिजिओ आहे. सिनेमाच्या आधी आसनाचं बघा. बहुतेक घरी प्रेमापोटी गुडघ्याखाली उशी देतात. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो आणि पुढे सरळ व्हायला त्रास देतो. टेकू द्यायचा तर घोट्याखाली, टॉवेलची गुंडाळी करून. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

दुसरं म्हणजे अडीच तास सलग बसवू नका. अर्ध्या-पाऊण तासाने थांबवायचं, उठून चार पावलं चालायचं. रहस्यपटाचा इथे उलट फायदा होतो. 'पुढे काय' या ओढीनं माणूस चालून लगेच परत येतो. बर्फाचा शेक पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड ठेवून. ब्योमकेशच्या एका भागात एक शेक आरामात बसतो.

गाणी व्यायामाला वापरा. टाच सरकवणं, मांडी आवळून धरणं, एका प्रकाराला एक गाणं. मोजत बसलं की दुखणं जास्त जाणवतं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच. मिरजेत ऑपरेशन झालंय तर मान म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या झिंझोटीपासून सुरू करा. उस्ताद मिरजेचेच झाले होते, तिथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं.

लवंगी_मिरची:
झिंझोटीवर व्यायाम?? माणूस डोळे मिटून पडून राहील. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या लावा, पाय आपोआप हलेल.

घोटा:
चालतील. फक्त ढोलकीच्या तुकड्याला पाय झटकू देऊ नका. आणि ज्यात तान लांबते असं नाट्यपद या कामाला घेऊ नका, पेशंट बिचारा तान संपेपर्यंत पाय वर धरून बसतो. (गंमत नाही, झालंय असं.)

पडवीतला_झोपाळा:
सगळे खूनच सुचवताय. रात्री झोपायच्या आधी तरी काही हसरं द्या हो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' काढा. दिलीप प्रभावळकरांचे आबा, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. मालिका म्हणून त्या नाक मुरडतील, पण इथे प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपते, थोबाडीत तीन दिवस चालत नाही. आणि आबा पडलेत, घरातले सगळे धावपळ करताहेत, असं काही निघालं तर त्यांना ओळखीचं वाटेल.

सकाळसाठी गीतरामायण. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे बावन्नच्या जागी छप्पन्न गीतं झाली. तुम्ही रोज एक लावलंत तर सहा आठवडे उलटून वर दोन आठवड्यांचं शिल्लक राहतं. आम्ही सगळे बाबूजींच्या आवाजातलंच ऐकत आलो, पण मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. ते मिळालं तर वेगळीच मजा.

रद्दीवाला:
पुस्तकांचं मी बोलतो.

अर्नाळकर वाचलेत का त्यांनी? त्या पिढीनं झुंजार आणि काळापहाड वाचल्याशिवाय सोडलेला नाही. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली माणसानं. आता पुन्हा वाचताना कथानकाला भोकं दिसतात, तरी एका दुपारसाठी ठीक.

खरी शिफारस फेलूदा. सत्यजित राय यांच्या गोष्टी, मराठी अनुवाद अशोक जैन यांचा, रोहन प्रकाशनानं काढलेला. पुस्तकं लहान आणि हलकी, एका हातात धरता येतात. गोष्ट फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. सोबत लालमोहनबाबू नावाचा रहस्यकथा-लेखक असतो, त्याच्या कादंबऱ्या तुफान खपतात आणि चुकांनी भरलेल्या असतात. अर्नाळकर वाचलेल्या माणसाला लालमोहनबाबू म्हणजे पर्वणी. शिवाय यात रक्ताचे पाट नाहीत. पुरावा नेहमी वाचकाच्या डोळ्यांदेखत पडलेला असतो, तुमच्या आईची अट पूर्ण.

आणि जुने दिवाळी अंक! यासाठीच तर ते असतात. रहस्य-गूढ कथांसाठी 'धनंजय', 'नवल'. गेल्या चार-पाच वर्षांचे वाचनालयातून गठ्ठ्यानं आणा. एक कथा, एक डुलकी. नाकावर पडला तरी इजा नाही.

लवंगी_मिरची:
रत्नाकर मतकरींच्या गूढकथा पण. मात्र रात्री एकटीला देऊ नका. मी ऐन पावसाळ्यात वाचल्या होत्या, नंतर माळ्यावर जायला नवऱ्याला पाठवत होते.

चूलखंड:
जेवणावर कोणीच बोलत नाहीये, म्हणून आले. बाळा, ऑम्लेट येतं ना, मग धिरडं येईल. सालीचे हिरवे मूग सकाळी भिजत घाल, संध्याकाळी आलं, मिरची, जिरं, मीठ घालून वाट. फार पातळ नको. तव्यावर तेल सोडून पसरव, कडा सुटल्या की उलट. ऑपरेशननंतर प्रथिनं हवीत म्हणून डॉक्टरही सांगतातच. सोबत घट्ट दही.

दुसरं, चकोल्या. एका भांड्यात जेवण. तुरीची आमटी नेहमीपेक्षा पातळ कर, फोडणीत लसूण, कढीपत्ता, गोडा मसाला, आमसूल. कणकेत थोडं बेसन, हळद, तिखट, ओवा घालून घट्ट मळ, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी काप. आमटी खळखळ उकळत असतानाच एकेक सोड, नाहीतर गोळा होतो. वरून तूप. पोळी गोल आली नाही तरी कोणाला कळत नाही, शिकाऊ माणसासाठी याहून चांगला पदार्थ नाही.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट जड होतं, म्हणून ताक आणि पपई रोज. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर शेजारणी सांगतील ते काढे, लसणाचे उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नागपुरी_तर्री:
आमच्याकडची वरणफळं ती हीच. पण काकू, गूळ राहिला ना! चिंच-गुळाशिवाय काय मजा?

चूलखंड:
नाही राहिला, घालतच नाही. तुम्ही घाला हो खुशाल.

पडवीतला_झोपाळा:
तांदळाची उकडही सांगा त्यांना, दहा मिनिटांचं काम. आणि भेटायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगायचं, पेढे-बिस्किटं नकोत, डबा आणा. सांगलीत तर भडंगाच्या पुड्यांचा ढीग पडला असेल.

शेवगा_सांगली:
पडलाय. मीच खातोय.

सगळ्यांचे खूप आभार. ताजा हालहवाल देतो. गुडघ्याखालची उशी त्याच दिवशी काढली, आईनं "कोण तो घोटा?" म्हणून विचारलं. 'कानून' दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यानं झाला. चालून परत यायची घाई एवढी की वॉकरला ब्रेक लावावा लागेल. निकाल: "गाणी नाहीत ते उत्तम, पण राजेंद्रकुमारनं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं तर तीन माणसांचा वेळ वाचला असता." 'पाठलाग' तिनं लहानपणी पाहिलाय, पण शेवट विसरली आहे. विसरल्याचा इतका आनंद झालेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

धिरडी जमली. चकोल्या पहिल्यांदा लगदा, काल बऱ्या झाल्या. गूळ घातला. @चूलखंड काकू, रागावू नका, आईचं माहेर तिकडचं आहे. व्यायामाला लावणी जिंकली, खाँसाहेब संध्याकाळी दिवे लागताना लागतात.

आता नवा प्रश्न. शनिवारी एक्स्चेंजमधल्या तिच्या दोन मैत्रिणी येणार आहेत. तिघी एकत्र म्हणजे शांतता असणार नाही. असा सिनेमा सांगा की मध्ये बोललं तरी धागा सुटणार नाही.

गंधक:
'बिनधास्त'च. बोलतील तर बोलू द्या. शेवटची वीस मिनिटं राहिली की थांबवा, तिघींकडून एकेका चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून घ्या, मग चहा, मग पुढचं. चिठ्ठ्या तुमच्याकडे ठेवा, नंतर "मी हेच म्हणत होते" असं तिघीही म्हणणार आहेत.

चूलखंड:
चहाबरोबर धिरडी कर. आणि साखर कोणाला चालत नाही ते आधी फोन करून विचार.