डायनोसॉरची गोष्ट आणि चित्रं: ४ ते ८ वयाची २५ मुलं, दीड तास. कसं बसवावं?

पानपिंपळ:
आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मे महिन्यात हा कार्यक्रम ठरतोय. हॉल २० बाय ३० फूट. सतरंज्या आहेत, टेबलं नाहीत, प्रोजेक्टर नाही. टी-रेक्स मुलांना तोंडपाठ असतो, म्हणून गोष्ट आपल्याकडच्या डायनोसॉरची असावी असं वाटतं. गोष्ट किती लांबवावी? रंग कुठले? आणि छापील आउटलाइन द्यावी की कोरा कागद?

खडूवाली:
चार-पाच वर्षांची आणि सहा-आठची मुलं गोष्टीला एकत्र बसवा, चित्राला वेगळी करा. गोष्ट १२ मिनिटं, फार तर १५. त्यापुढे मागची रांग सतरंजीचे दोरे उपसायला लागते.

क्रम असा: आधी अंगमेहनत, मग गोष्ट, शेवटी चित्र. चित्र आधी दिलंत तर कुणाचा शेपटीचा रंग बाकी म्हणून गोष्टीला अर्धीच मुलं येतील.

अंगमेहनतीसाठी दोरीने डायनोसॉरची लांबी मोजायची. बारापासॉरस घ्या, साधारण १४ मीटर. तेलंगणात गोदावरीच्या खोऱ्यात सापडला, सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. त्याच्या मांडीचं हाड सुमारे १.७ मीटर. तेवढं हाड फरशीवर खडूने काढा आणि एकेकाला शेजारी आडवं झोपू द्या. पायातलं एक हाड आपल्यापेक्षा लांब, हे कळल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

डरकाळीची जागा गोष्टीत आधीच ठरवून ठेवा, आणि थांबायची खूणही (हात वर, मूठ बंद). खूण न ठरवता डरकाळी फोडायला लावली तर पुढची पाच मिनिटं गेलीच म्हणून समजा.

दगडमाती:
खडूवालीताई, ३० फूट म्हणजे ९ मीटर आणि थोडं. १४ मीटरची दोरी या हॉलमध्ये मावणार नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात धरली तरी ११ मीटरच मिळतात. ती अंगणात न्या. हॉलमध्येच करायचं असेल तर राजासॉरस बरा. गुजरातेत बालासिनोरजवळ रहिओलीला सापडलेला, २००३ मध्ये नाव मिळालेला मांसाहारी. लांबीचे अंदाज साडेसहा ते नऊ मीटर, तेव्हा सात मीटर धरून चाला.

पण गोष्टीचा नायक मी चंद्रपूरचा घेईन. त्या जिल्ह्यात डोंगरगावला लांब मानेच्या इसिसॉरसची हाडं निघाली आणि पिसदुऱ्याला अशाच लांब मानेच्या डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा. २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं जाहीर झालं. डायनोसॉरांच्या काळात गवत असेल असं तोवर कुणी फारसं धरत नसे. मुलांना शू-शीची गोष्ट हवीच असते, इथे ती शास्त्रातूनच मिळते. शाडूचे चार गोळे वाळवून ठेवा, आत गवताच्या काड्या दाबलेल्या. ‘याने काल काय खाल्लं?’ असं विचारून एकेक फोडायला द्या. गोळे लिंबाएवढेच करा, मोठे आतून ओले राहतात आणि फुटायच्या ऐवजी चेपतात.

गोष्टीत माणूस, मॅमथ नको. उडणारे टेरोसॉर आले तरी चालतील, फक्त त्यांना डायनोसॉर म्हणू नका. आणि आपल्याकडचा लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून उडाला नाही, जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरला. सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात त्या त्याच. चित्रात मुलं टोकदार ज्वालामुखी काढणारच, तिथे टोकू नका.

पाव_इंपिरियल:
छापील आउटलाइन नको. ती पाच मिनिटांत रंगवून होते आणि मग ‘आता काय?’ सुरू होतं. कोराच कागद द्या.

कार्ट्रिजच्या (चित्रकलेच्या जाड कागदाच्या) सात पूर्ण शीट आणा, प्रत्येकीचे चार सारखे भाग करा, म्हणजे २८ पाव कागद. तीन जास्तीचे लागतातच.

टेबलं नाहीत ही खरी अडचण. सतरंजीवर कागद ठेवून खडू घासला की विणीचे पट्टे चित्रात उमटतात. खाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा द्या, कागदापेक्षा दोन बोटं मोठा. परीक्षेचं पॅड पाव कागदाला अपुरं पडतं, कड लोंबते आणि दाब पडला की फाटते. खालची वीण चित्रात उमटते हा दोष मुद्दाम वापरताही येतो. कातडी रंगवताना कागदाखाली ६० नंबरचा पॉलिशपेपर सरकवायचा आणि मेणखडू आडवा धरून घासायचा, खरखरीत खवले उठतात.

लहानांना जाड मेणखडू, मोठ्यांना ऑइल पेस्टल. पेस्टलच्या डब्यातून काळा आधीच काढून घ्या. तो पिवळ्या-हिरव्यात फासला की सगळं चित्र चिखल होतं. शेवटच्या दहा मिनिटांत, फक्त डोळ्यासाठी परत द्या. स्केचपेन वापरणार असाल तर पेस्टलच्या आधी, नंतर वापरलं की टोकात मेण बसून पेन बंद पडतं.

मुलं डोक्यापासून सुरुवात करतात, तेही कोपऱ्यात, आणि मग शेपटीला जागा उरत नाही. म्हणून कागद आडवा धरून मधोमध स्वतःची मूठ ठेवायची आणि भोवती रेघ मारायची. ते धड. एका बाजूला मान, दुसऱ्या बाजूला शेपटी, दोन्ही कडेपर्यंत. पाय खांबासारखे थेट पोटाखाली, मगरीसारखे बाजूला फाकलेले नाहीत. शेपटी जमिनीवर लोळत नाही. फळ्यावर हे एकदा काढून दाखवा आणि लगेच पुसा, नाहीतर पंचवीस सारखे डायनोसॉर मिळतील.

‘खरा रंग कुठला?’ हा प्रश्न येणारच. बहुतेकांचा माहीत नाही. चीनच्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते, हे २०१० मध्ये पिसांच्या अवशेषांवरून कळलं. एवढं सांगा आणि जांभळा इसिसॉरसही चालू द्या.

पानपिंपळ:
गोष्ट चंद्रपूरची, दोरी राजासॉरसची, ठरलं. पालकांनी हॉलमध्ये बसलेलं चालेल का?

पाव_इंपिरियल:
गोष्टीला बसू द्या, चित्राला बाहेर. आत राहिले की ‘अरे, असं नाही’ म्हणत खडू स्वतःच्या हातात घेतात. सहा मुलांमागे एक मोठं माणूस पुरे, त्याच्याकडे ओला फडका हवा.

नाव रंगवायच्या आधी, मागच्या बाजूला, पेन्सिलने. पेस्टल वाळत नाही, तेव्हा गोळा करताना दोन चित्रांमध्ये वर्तमानपत्र घाला आणि गठ्ठा आडवाच ठेवा. गुंडाळी केली की वरच्याचा रंग खालच्याच्या पाठीवर जातो.