कोवर्किंग स्पेस की घर? एका वर्षासाठी निर्णय घ्यायचा आहे, अनुभव हवे आहेत

नमस्कार,

गेली दीड वर्षे मी पूर्णवेळ घरून काम करते आहे. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहिणे हे माझे काम असून दिवसातले साधारण पाच तास एकाग्र लेखनात आणि दीड-दोन तास व्हिडिओ मीटिंगमध्ये जातात. कोवर्किंग स्पेसमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची माणसे भाडे देऊन काम करतात अशा सामायिक ऑफिसात, राखीव डेस्क घेतल्यास भाड्याचा काही भाग द्यायला कंपनी आता तयार झाली आहे, मात्र होकार किंवा नकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे आणि त्यानंतर वर्षभर तो बदलता येणार नाही. या मुदतीमुळेच मी अनुभवी मंडळींचे मत विचारते आहे.

पहिले सहा-सात महिने घरूनच काम करणे मला फार मानवले. त्यानंतर जो त्रास सुरू झाला तो आळसाचा नसून नेमका उलटा आहे, कारण माझे काम आता संपतच नाही. टेबल झोपण्याच्या खोलीत आहे. रात्री अडलेल्या परिच्छेदाची एखादी ओळ सुचली की मी लॅपटॉप उघडते, आणि तासाभराने लक्षात येते की आपण पुन्हा कामालाच बसलो आहोत. मुलगा दुपारी शाळेतून येतो तेव्हा मी घरात असते, पण त्याच्यासाठी नसते, आणि बंद दाराचा अर्थ त्याला रोज नव्याने समजावून सांगणे मला जड जाते.

या विषयावर वाचताना चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग सापडला. तिथे कॉल सेंटरमधील इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने घरून काम दिले, तेव्हा त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. प्रयोगानंतर त्यांना पुन्हा निवड करू दिली असता अर्ध्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली, आणि त्यानंतर घरून काम करण्याचा लाभ २२ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे प्रत्यक्ष अनुभव घेऊन केलेली निवड अधिक फलदायी ठरली, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. मात्र तिथे तुलना घर आणि स्वतःचे ऑफिस यांची होती. कोवर्किंग स्पेस हे दोन्हींपेक्षा वेगळे प्रकरण आहे, कारण तिथे शेजारी बसणारी माणसे आपली सहकारी नसतात.

म्हणून डे पास घेऊन मी दोन ठिकाणी तीन-तीन दिवस काम करून पाहिले. पहिल्या ठिकाणी मोठ्या हॉलमध्ये हॉट डेस्क होते, म्हणजे कोणासाठी राखीव नसलेली, रिकामे दिसेल तिथे बसायची टेबले. सर्वसाधारण गलक्याचा मला त्रास झाला नाही, पण मागच्या टेबलावरचे गृहस्थ फोनवर बोलू लागले की माझे वाक्य तुटायचे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये हेच दाखवले होते की, दोन माणसांच्या पूर्ण संवादापेक्षा फोनवरचा एकतर्फी, अर्धाच ऐकू येणारा संवाद लक्ष अधिक विचलित करतो, कारण न ऐकू आलेल्या भागाचा अंदाज बांधण्यात मन गुंतून पडते. आवाज कमी करणारे हेडफोनही इथे अपुरे पडले; पंख्याची किंवा एसीची एकसुरी घरघर ते चांगली दाबतात, माणसाचे बोलणे मात्र बऱ्याच अंशी कानावर येतच राहते. सकाळच्या वेळी सगळे फोन बूथ भरलेले असल्याने एक मीटिंग मला जिन्यात उभे राहून करावी लागली. शिवाय अजून बाजारात न आलेल्या उत्पादनाचा तपशील माझ्या स्क्रीनवर असतो. व्हीपीएनमुळे, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या सोयीमुळे, नेटवर्कची चिंता मिटते, पण पाठीमागून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेचे काय?

दुसरे ठिकाण लहान असून राखीव डेस्क भिंतीकडे पाठ करून मांडलेले आहेत आणि शांततेची वेगळी खोलीही आहे. ते घरापासून चाळीस मिनिटांवर आहे, आणि हीच त्याची उणीव ठरेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्या तिन्ही संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला नाही. परतीच्या वाटेवर काम हळूहळू मागे पडत गेले आणि घरी पोचेपर्यंत मी मोकळी झालेली असायचे. त्यामुळे मला नक्की जागा हवी आहे की हा परतीचा प्रवास हवा आहे, असा प्रश्न पडला. पुढच्या आठवड्यात घरीच काम आटोपल्यावर लॅपटॉप कपाटात ठेवून वीस मिनिटे चालून येण्याचा नेम केला. चार दिवस तो उत्तम चालला, पाचव्या दिवशी मीटिंग लांबली आणि मोडला.

माणसांची सोबत मिळेल ही अपेक्षा मात्र सहा दिवसांत पुरी झाली नाही. हसून नमस्कार होई, त्यापुढे बोलणे जात नसे. ज्यांनी वर्षभर राखीव डेस्क घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे की ओळखी व्हायला किती काळ लागला, आणि सुरुवातीचे अप्रूप ओसरल्यावर आपण आठवड्यातून प्रत्यक्ष किती दिवस जात राहिलात. ज्यांनी घरीच राहून दिवसाचा शेवट पाळायला जमवले आहे, त्यांचा नेम मीटिंग लांबलेल्या दिवशीही कसा टिकतो हे मला फार मोलाचे ठरेल.

आणखी एक पर्याय मनात आहे. कंपनीला नकार कळवून आठवड्यातून दोन दिवस स्वखर्चाने डे पासवर जावे, एकाग्र लेखन घरी करावे आणि मीटिंग त्या दोन दिवसांत गोळा कराव्यात. यात मोठ्या स्क्रीनची आणि कीबोर्डची ने-आण करावी लागेल किंवा त्यांच्यावाचून काम भागवावे लागेल, आणि हवी ती जागा दर वेळी मिळेलच असे नाही. असे विभागून काम करणाऱ्या कोणाला त्या दोन दिवसांचा फायदा उरलेल्या तीन दिवसांच्या संध्याकाळींनाही झाला का, हे कळले तर मला महिनाअखेरीपूर्वी उत्तर देता येईल.