घरचं पत्र की धंद्याचं? आजोबांची ट्रंक आणि दोनशे वर्षांपूर्वीची अमेरिकन पत्रं

नौपाडा_गल्ली

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिन्याभरात घर रिकामं करायचंय, आणि माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर आत पत्रंच पत्रं निघाली, सुतळीने बांधलेली पुडकीच्या पुडकी. आजोबांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं, पत्रं साधारण १९३५ ते १९६० मधली आहेत, जुनी काही मोडीत आहेत ती मला वाचता येत नाहीत. माझा विचार असा होता की दोन ढीग करायचे, घरची पत्रं ठेवायची आणि दुकानाची रद्दीत द्यायची, कारण नवीन घर मिळेपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचंय आणि तिथे कपाटालासुद्धा जागा नाहीये.

पण पहिलंच पत्र हातात घेतलं आणि अडकले. पणजोबांच्या भावाने पेणहून लिहिलंय. वर श्री, मग साष्टांग नमस्कार वि. वि., मग तांदळाचा गोणीमागे भाव, मग चि. सौ. चे दिवस भरत आले आहेत तर वहिनींना पाठवावे, आणि त्याच ओळीत पुढे मागील हिशेबाचे ४७ रु. ६ आणे येणे आहेत ते तिच्याबरोबरच पाठवावे. आता हे कुठल्या ढिगात टाकू?

प्रश्न इथे विचारायचं कारण असं की मी नोकरी सांभाळून इतिहासात एमए करतेय, सध्या अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरची पहिली तीस-चाळीस वर्षं चालू आहेत, आणि फाउंडर्स ऑनलाइन म्हणून साइट आहे, फुकट आहे, तिच्यावर ॲबिगेल आणि जॉन ॲडम्स (हा पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला) या नवरा-बायकोची पत्रं वाचतेय. त्यांची एकमेकांना लिहिलेली ११०० च्या वर पत्रं टिकलीयत. सुरुवात 'माय डिअरेस्ट फ्रेंड' अशी आणि चार ओळींनंतर गड्यांची मजुरी, सरकारी रोखे, कोणाचं देणं राहिलंय हे सगळं. अगदी आमच्या पेणच्या पत्रासारखं. तर हे असं का असायचं? पोस्ट महाग होतं म्हणून? आणि ते लोक घरची आणि धंद्याची पत्रं वेगळी ठेवायचे का? कोणी यातलं वाचलेलं असेल तर सांगा प्लीज.

जुने_कागद

ताई, आधी रद्दीवाल्याला नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

पोस्ट महाग होतं हे खरंच मोठं कारण आहे. अमेरिकेत १७९२ चा पोस्टाचा कायदा झाला त्यात दर अंतरावर होता आणि कागदाच्या संख्येवर होता, वजनावर नव्हता. ३० मैलांपर्यंत एका कागदाला ६ सेंट, आणि ४५० मैलांच्या पुढे २५ सेंट. दोन कागद घातले की दुप्पट, तीन घातले की तिप्पट. रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाच्या हिशेबाने लांबचं एक पत्र म्हणजे दिवसाच्या कमाईचा मोठा लचका. आणि बहुतेक वेळा पैसे पाठवणारा भरत नसे, ज्याच्या दारात पत्र आलं तो भरायचा, म्हणजे आपल्याकडे नॉटपेड पत्र यायचं ना, तिथे सगळा व्यवहारच जवळजवळ नॉटपेड. तिकडे पोस्टाचं तिकीट १८४७ ला आलं आणि आधी पैसे भरायची सक्ती १८५५ ला. आता विचार करा, समोरच्याला पैसे मोजून घ्यायला लागणार आहेत तर त्याला निम्मा कोरा कागद कोण पाठवेल? पाकीटसुद्धा वापरत नसत कारण पाकीट म्हणजे आणखी एक कागद. तोच कागद घडी घालून, घडी घडीत खोचून, वर लाखेचं सील, आणि बाहेरच्या बाजूला जी जागा उरेल तिथे पत्ता. जुन्या पत्रांत एका कडेला भोक पडलेलं दिसतं आणि दोन-चार शब्द गायब असतात ते सील फोडताना कागद फाटल्यामुळे. जागा संपली की कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच दुसऱ्या ओळी काढायचे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं काय होत असेल ते होवो.

वेगळी ठेवायचे का, तर व्यापारी लोक गेलेल्या पत्राची नक्कल एका बांधीव वहीत उतरवून ठेवायचे, लेटरबुक म्हणतात त्याला, कारकून बसून तेच काम करायचा. जेम्स वॉटने १७८० मध्ये नक्कल काढायच्या प्रेसचं पेटंट घेतलं होतं, ओलसर पातळ कागद ताज्या शाईवर दाबायचा आणि मग मागच्या बाजूने वाचायचा. जेफर्सनने, म्हणजे तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाने, ते वापरलं, पुढे १८०४ पासून त्याच्याकडे पॉलिग्राफ आलं, दोन पेनं एकमेकांना जोडलेली, एक हाताने चालवायचं, दुसरं आपोआप तेच लिहितं. आलेली पत्रं मात्र लांबट घडी करून पाठीवर कोणाचं, कधीचं, उत्तर कधी दिलं एवढं लिहून फितीने बांधून ठेवायचे. तुमच्या पुडक्यांत पाठीवर काही लिहिलंय का बघा. ते फार महत्त्वाचं असतं आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत.

वाशी_दाणाबाजार

पोस्ट महाग वगैरे ठीक आहे पण मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, पोस्ट फुकट असतं तरी पत्र असंच लिहिलं असतं. आमची तीन पिढ्यांची आडत, आधी मस्जिद बंदर आणि मार्केट हललं तेव्हापासून वाशी. आजही मी फोनवर आधी विचारतो काका कसे आहेत, पोरीचं जमलं का, आणि ते उगाच विचारत नाही. ज्याच्या घरात आजारपण चाललंय त्याचं पेमेंट लांबणार, ज्याने मुलीचं लग्न दणक्यात केलंय त्याचं पण लांबणार. उधारीवर माल सोडायचा तर माणूस कळायला पाहिजे.

तिकडे तर तेव्हा कोणाची पत किती हे सांगणारी एजन्सीच नव्हती, पहिली १८४१ ला न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपनने काढली. त्याच्या आधी कोण कुणाचा भाचा, कोणाचं गलबत बुडालं, कोणाचा थोरला दारूला लागला हे सगळं पत्रातूनच कळायचं. म्हणून लांबच्या बंदरात बसवायचा तर आपलाच मुलगा नाहीतर जावई. अमेरिकेतल्या सेलम बंदराचा इलायस हॅस्केट डर्बी, तिथला मोठा जहाजमालक, त्याचा मुलगा १७८० च्या दशकाच्या शेवटी मॉरिशसला जाऊन बसला आणि तिथून पार आपल्या मुंबईपर्यंत व्यापार केला, इथून कापूस उचलून चीनला. बापाने त्याला लिहिलेल्या पत्राला घरचं म्हणणार का धंद्याचं?

आणि हे सगळं काही लांबचं नाही बरं का. त्या अमेरिकन जहाजांचं मुंबईतलं काम नसरवानजी माणेकजी वाडिया हे पारशी व्यापारी बघायचे, त्यांचं पोर्ट्रेट आज सेलमच्या पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये आहे. पत्र पोचायला चार-पाच महिने, उत्तर यायला तेवढेच, तोवर भाव काय राहणार. म्हणून एकच पत्र दोन-तीन प्रतींत वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचे, एक बुडालं तर दुसरं पोचेल. अमक्याला इतके पैसे द्या असं लिहिलेल्या बिलाचं पण तसंच, पहिली प्रत, दुसरी, तिसरी, एकीचे पैसे दिले की बाकीच्या रद्द. आपल्या हुंडीत पेठ आणि परपेठ असते ना, हुंडी हरवली तर पेठ आणि पेठ हरवली तर परपेठ, हेतू तोच, जोखीम सांभाळायची. ताई, तुमच्या ट्रंकेत एखादी हुंडी किंवा खोखा, म्हणजे पैसे चुकते झालेली हुंडी, निघाली तर मला फोटो टाका, माझ्या आजोबांचं यातलं काहीच राहिलं नाही, दुकान हलवताना चोपड्यांसकट सगळं गेलं आणि मी तेव्हा तिथेच उभा होतो, पोतं उचलायला हातसुद्धा लावला होता.

नेरूळ_पश्चिम

दोघांचंही पटलं पण ॲडम्स जोडप्याबद्दल एक राहतंय. जॉन १७८९ ला उपाध्यक्ष झाला आणि ज्या १७९२ च्या कायद्याचे दर वर दिलेत त्याच कायद्यात राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना जाणारी-येणारी पत्रं फुकट होती. म्हणजे या दोघांना कागद वाचवायची गरज नव्हती, तरी पत्रात खत, गडी, दगडी कुंपण हे सगळं आहेच. कारण तो तेव्हाच्या राजधानीत फिलाडेल्फियात आणि शेत क्विन्सीला, आणि ते शेत चालवायची ती.

आणि ती नुसतं शेत बघत नव्हती. त्याच्या आधी जॉन युरोपात असताना तो तिकडून टाचण्या, रुमाल, कापड असला माल पाठवायचा आणि ती तो अमेरिकेत विकून घर चालवायची. त्याला हौस जमिनीची, तिचं म्हणणं सरकारी रोख्यात पैसे घालू, आणि तिने घातले. पण लग्न झालेल्या बाईच्या नावावर तेव्हा कायद्याने काहीच राहत नसे, जे असेल ते नवऱ्याचं, म्हणून ती हे व्यवहार तिच्या मावशीचे यजमान कॉटन टफ्ट्स यांच्यामार्फत करायची. पुढे १७९० ला अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेत सरकारने जुनं कर्ज दर्शनी किमतीने मान्य केलं तेव्हा असे रोखे धरून ठेवणाऱ्यांचा फायदा झाला. १८१६ ला तिने मृत्युपत्रसुद्धा लिहिलं, कायद्याने अधिकार नसताना, बहुतेक सगळं नात्यातल्या बायकांना आणि मुलींना. १८१८ ला ती गेल्यावर जॉनने ते पाळलं.

आता मला सांगा, तिच्या कर्तबगारीचा पुरावा शोधायचा तर जमिनीच्या कागदात तिचं नाव मिळेल का? नाही ना. ते मिळतं घरच्या पत्रात, माय डिअरेस्ट फ्रेंडच्या चार ओळींखाली. ती पत्रं 'धंद्याची' म्हणून कोणी काढून टाकली असती तर ती आपल्याला नुसती राष्ट्राध्यक्षाची बायको म्हणून माहीत असती. पहिल्या राष्ट्राध्यक्षाची बायको मार्था वॉशिंग्टन, तिने नवऱ्याची आणि स्वतःची पत्रं जाळली, आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी शिल्लक आहेत, आणि त्या घरात दोघं एकमेकांशी काय बोलायचे हे आपल्याला जवळपास माहीतच नाही. म्हणून कळकळीने सांगते, दोन ढीग करू नका.

जुने_कागद

नेरूळ_पश्चिम, फुकट पोस्टाचं बरोबर आहे, मी सगळ्यांना एकाच मापात घेतलं होतं.

ताई, आता कामाचं. पुडकं सोडायच्या आधी आहे तसा फोटो काढा, कारण कुठल्या पत्राखाली कुठलं होतं हीसुद्धा माहिती आहे, आजोबांनी कसं लावलं होतं ते त्यातून कळतं. मग एकेक पत्र उलगडून पुढून, मागून दोन्ही बाजूंचे फोटो, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर. पेन नको, स्टेपलर नको, फाटलेल्याला सेलोटेप तर अजिबात नको. एखाद्या कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला तर उंदराने खाल्लं म्हणून बाजूला टाकू नका, कोणी वारल्याचं पत्र असेल, आपल्याकडे तशा पत्राचा कोपरा फाडायची पद्धत होती. तिकडे दुःखाच्या पत्राला काळी लाख लावायचे, म्हणजे उघडण्याआधीच कळायचं.

नौपाडा_गल्ली

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण रात्री जेवणं झाली की तेच करत बसले होते.

पाठीवर लिहिलेलं आहे. प्रत्येक पत्राच्या पाठीवर उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव, खाली 'पोच दिली' आणि तारीख, आणि पैशाचं असेल तर 'जमा केले'. मी आधी धरूनच चालले होते की हे आजोबांचं. पण आजोबांची सही खतावणीत आहे, त्यांचं अक्षर उजवीकडे कललेलं, घाईचं. हे अक्षर उभं आहे, गोल, आणि 'ळ' च्या दोन गाठी अगदी सुट्या काढलेल्या. मला तो 'ळ' कुठेतरी बघितल्यासारखा वाटत होता आणि काल रात्री आठवलं, लोणच्याच्या बरण्यांवर चिकटवलेल्या कागदांवर. 'कैरी, गुळाचे' असं लिहिलेलं असायचं त्यात. ती एक बरणी अजून आहे आमच्याकडे, पॅक केलेल्या बॉक्समधून परत काढली आणि पत्राशेजारी ठेवून पाहिली.

आजीचं अक्षर आहे ते. आमच्या घरात सगळे सांगतात आजी चौथी शिकलेली, दुकानाची पायरी कधी चढली नाही. आणि ज्या पुडक्याला सगळ्यात जास्त 'जमा केले' आहे ते १९४२-४३ चं, तेव्हा आजोबा बरेच महिने आजारी होते हे मला बाबांकडून माहीत होतं, पण दुकान कोण बघत होतं हे कधी विचारलंच नव्हतं.

रद्दी रद्द केलीय. ट्रंक माझ्या बहिणीकडे कळव्याला नेतोय, तिच्याकडे दिवाण आहे त्याखाली बसते. वाशी_दाणाबाजार, एक कागद हुंडीसारखा दिसतोय, वर मजकूर मोडीत आहे आणि आडव्या तीन रेघा मारल्यात, दिवसाच्या उजेडात फोटो काढून उद्या टाकते. मोडी वाचणारं ठाण्यात कोणी असेल तर प्लीज कळवा, १९३५-३६ ची अकरा पत्रं आहेत आणि त्यातल्या तीनांच्या पाठीवर पण तोच 'ळ' आहे.